तुम्ही विचारलंत म्हणून : कोरड्या नदीत तुम्ही काय पाहता?

व्याख्यान संपल्यावर, सोसायटीच्या सभेनंतरच्या चहाच्या वेळी आणि प्रवेशाच्या दिवसांत मुलामुलींबरोबर आमच्या भूगोल विभागात आलेल्या पालकांकडून मला एकच प्रश्न थोड्याफार फरकाने विचारला जातो : "मॅडम, आपल्याकडच्या नद्यांना वर्षातले सात-आठ महिने धड पाणीही नसते; मग एप्रिल-मेच्या उन्हात पात्रात उतरून तुम्ही नेमका कशाचा अभ्यास करता, आणि त्यात अख्खे आयुष्य कसे जाते?" प्रश्न रास्त आहे. पुण्यात राहणाऱ्या माणसाला उन्हाळ्यातली मुठा रोज दिसते, आणि भिडे पुलावरून जाताना दिसणारी ती सांडपाण्याची बारीक धार पाहून या नदीने कधी काही घडवले असेल यावर विश्वास बसणे कठीणच आहे.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, कोरड्या पात्रात मी उतरते ते पूर समजून घेण्यासाठी. दख्खनच्या नद्या आपले बहुतेक काम वर्षातल्या मोजक्या दिवसांत, आणि त्यातले सर्वांत मोठे काम तर अनेक वर्षांतून एखाद्याच पुरात उरकतात. ते काम चालू असताना पात्रात कोणालाही पाय ठेवता येत नाही; ते झाल्यानंतर मागे काय राहिले, हे मात्र पाणी ओसरल्यावर निवांत मोजता येते. धोंडे कुठवर आले, काठ कुठे ढासळला, कातळ कुठे नव्याने उघडा पडला, गाळाचा थर किती उंचीवर बसला, या सगळ्या नोंदी उन्हाळ्यात उघड्यावर पडलेल्या असतात.

मी शिरूर तालुक्यातली, घोड नदीच्या काठची. भूशास्त्राची पदवी घेऊन पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात आले, कारण आपल्या देशात भूरूपशास्त्र, म्हणजे जमिनीच्या आकारांचे शास्त्र, बहुतेक ठिकाणी भूगोलाच्या विभागात शिकवले जाते. पुण्यात यायला आणखी एक कारण होते. नद्यांच्या इतिहासाचा अभ्यास येथे दोन ठिकाणी रुजलेला होता : एक विद्यापीठात आणि दुसरा येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये, जिथे पुरातत्त्वज्ञांच्या शेजारच्या खोलीत नदीच्या गाळाचे नमुने तपासले जात. दगडी हत्यार सापडले की ते ज्या थरात सापडले तो थर नदीने कधी आणि कोणत्या हवामानात टाकला हे सांगणारा माणूस लागतोच, आणि त्या गरजेतून शरद राजगुरू यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या नद्यांचे काठ अक्षरशः पायी वाचून काढले. माझ्या पिढीला ती वाट आयती मिळाली.

शिकायला सुरुवात केली तेव्हाची एक मोठी अडचण येथे सांगितली पाहिजे, कारण पुढच्या माझ्या सगळ्या कामाचा रोख त्यातून ठरला. नदीविज्ञानाची पाठ्यपुस्तके प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातल्या नद्यांवर लिहिलेली होती. १९६० साली वोलमन आणि मिलर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक अत्यंत प्रभावी विचार मांडला होता : नदीचे पात्र घडवण्याचे बहुतांश काम प्रचंड पण क्वचित येणारे पूर करत नाहीत, तर वर्षा-दोन वर्षांनी येणारे, काठोकाठ भरून वाहणारे मध्यम पूर करतात, कारण त्यांची वारंवारता जास्त असते. वर्षभर पाणी असलेल्या, मऊ गाळातून वाहणाऱ्या नद्यांना हा विचार चांगला लागू पडतो. आपल्या नद्यांचे मात्र पात्र पुष्कळ ठिकाणी कातळाचे, तळाशी हातभर ते पुरुषभर आकाराचे धोंडे, आणि पाणी जवळपास सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येणारे. असा धोंडा जागचा हलायला पाण्याच्या जोराची एक किमान मर्यादा ओलांडावी लागते, आणि ती मर्यादा दरवर्षीच्या पुराने ओलांडली जातेच असे नाही. तेव्हा आपल्या नद्या कोणत्या पुराने घडतात, हा प्रश्न येथेच, या पात्रांतच सोडवणे भाग होते.

त्यासाठी काय करतो ते सांगते. पात्राचा आडवा छेद घ्यायचा : एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी धरून ठरावीक अंतरावर उंची मोजत जायचे. पूर्वी डंपी लेव्हल, म्हणजे तिपाईवरची मोजणीची दुर्बीण, आणि पट्टी घेऊन दिवस जात असे, नंतर टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले, आता उपग्रहाधारित यंत्रांनी तासाभरात काम होते. त्यानंतर पात्राचा उतार मोजायचा. मग दगड मोजायचे : पात्रात चालत जायचे, प्रत्येक पावलाला खाली न पाहता बोटाला जो पहिला गोटा लागेल तो उचलायचा, त्याचा मधला व्यास मोजायचा आणि ठेवून द्यायचा. असे शंभर गोटे मोजले की त्या जागच्या तळाचा स्वभाव कळतो. हे काम चालू असताना काठावरून हमखास कोणीतरी हाक मारून विचारते, "वाळूचा लिलाव हाय का?" आमच्या नद्यांच्या काठी पट्टी घेऊन फिरणारा माणूस लोकांनी याच कामासाठी पाहिलेला असतो, आणि त्या गोष्टीकडे मी शेवटी येणार आहे.

या मोजमापांतून पुराची ताकद काढता येते, आणि त्याचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राइतके सोपे आहे. सेकंदाला १,००० घनमीटर पाणी, किलोमीटरमागे एक मीटर उताराने वाहत असेल, तर पात्राच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ९,८०० वॉट इतकी शक्ती खर्च होत असते. तोच प्रवाह उन्हाळ्यात सेकंदाला एक घनमीटर झाला की ही शक्ती दहा वॉटच्या खाली येते, म्हणजे घरातल्या लहानशा एलईडी दिव्याइतकी. पण खरी मेख पुढे आहे. ही शक्ती पात्राच्या रुंदीवर वाटली जाते. पात्र शंभर मीटर रुंद असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला ९८ वॉट येतात, आणि तेच पाणी तेवढ्याच उताराने दहा मीटरच्या चिंचोळ्या घळीतून जाऊ लागले तर ९८०. पाणी तेवढेच, उतारही तोच; केवळ रुंदी घटल्याने तळावरचा घाव दहापट झाला.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर निघोजला जावे. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, अलीकडे टाकळी हाजी आणि पलीकडे निघोज, यांच्यामध्ये कुकडी नदीचे रुंद पात्र अचानक कातळात उतरते आणि एका अरुंद घळीतून वाहू लागते. त्या घळीच्या भिंतींत आणि काठांवर शेकडो रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरून कातळ कोरतात आणि खळगा खोल होत जातो, हे स्पष्टीकरण फलकावर लिहिलेले असते आणि ते बरोबरच आहे. पण मी विद्यार्थ्यांना आणखी दोन गोष्टी पाहायला लावते. पहिली म्हणजे खळग्यांची रांग. ते वाटेल तसे विखुरलेले नाहीत, बसाल्ट, म्हणजे इथला लाव्हाचा काळा खडक, थंड होताना पडलेल्या भेगांच्या ओळीने ते बसलेले आहेत, म्हणजे नदीने खडकाची कमकुवत जागा हेरून तिथून काम सुरू केले. दुसरी म्हणजे त्यांची उंची. काही खळगे घळीच्या वरच्या कातळावर आहेत, जिथे आज साधारण पावसाळ्यात पाणी पोहोचत नाही. ते एक तर जुने आहेत, नदीचा तळ वर होता तेव्हाचे, किंवा मोठ्या पुरांनीच कोरलेले आहेत. आणि यांतले कोणते खरे हे ठरवायला प्रत्येक खळग्याच्या कडा किती झिजल्या, आत ताजे गोटे आहेत की नाहीत, हे पाहत बसावे लागते. एक अख्खा दिवस तिथे सहज जातो, आणि तो माझ्या शिकवण्यातला सर्वांत चांगला दिवस असतो.

दुसरा नेहमीचा उपप्रश्न मावळातले लोक विचारतात : इंद्रायणी एवढीशी, मग तिची दरी एवढी रुंद कशी? लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उभे राहिले की हे कोडे स्पष्ट दिसते. नदीचा उगम जिथे सांगतात तिथे डोंगराच्या बेचक्यातून निघणारा झरा अपेक्षित असतो. प्रत्यक्षात तिथे ऐसपैस दरी आहे आणि ती पश्चिमेला कड्याच्या टोकाशी एकदम संपते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे. तिथून पश्चिमेला पडलेला थेंब काही किलोमीटरांत खोपोलीला पोहोचेपर्यंत साडेपाचशे मीटर खाली उतरतो. पूर्वेला पडलेल्या थेंबाला मात्र इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा असे करत बंगालच्या उपसागरापर्यंत ६२० मीटर उतरायला हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. साहजिकच कोकणात उतरणारे ओढे फार जोराने मागे मागे खोदत येतात, कडा पूर्वेकडे सरकतो आणि पूर्ववाहिनी नद्यांच्या माथ्याचा भाग गिळत जातो. इंद्रायणीचे आज दिसणारे टोक हे छाटलेले टोक आहे. तिच्या दरीचा पश्चिमेकडचा भाग कड्याबरोबर नाहीसा झाला. भीमाशंकर, माळशेज, नाणेघाट या सगळ्या पट्ट्यात थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे.

यात काळाचा हिशेबही धरायला हवा. दख्खनचे लाव्हाचे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. उदाहरणादाखल, एखाद्या नदीने आपला तळ वर्षाला मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढ्याच वेगाने खाली नेला, तरी सहा कोटी वर्षांत ६०० मीटर खोली होते. नदी लहान की मोठी यापेक्षा तिला किती वेळ मिळाला हे दख्खनमध्ये जास्त महत्त्वाचे ठरते.

माझा सर्वाधिक काळ मात्र कातळापेक्षा गाळात गेला. घोड, कुकडी, भीमा, कऱ्हा यांच्या काठाने चालताना पिवळसर तपकिरी गाळाच्या उभ्या दरडी दिसतात, काही ठिकाणी चांगल्या तीन-चार मजली उंचीच्या. तळाशी गोट्यांचा चुनखडीने घट्ट बांधलेला थर, वर बारीक पोयटा आणि त्यात पुन्हा चुनखडीचे खडे. हा गाळ आजच्या नदीने टाकलेला नाही. आजची नदी तो कापत खाली गेली आहे. मग तो टाकला कधी आणि कापायला सुरुवात कधी झाली? विश्वास काळे आणि राजगुरू यांनी १९८७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याचे उत्तर मांडले, आणि पुण्यात बसून केलेल्या कामाने जगाच्या चर्चेत भर घालता येते हे आम्हा विद्यार्थ्यांना त्यातून दिसले. हिमयुगाच्या अखेरच्या कोरड्या काळात मान्सून दुबळा होता. उतारांवरची माती खाली येत होती, पण ती पुढे वाहून न्यायला नदीत पुरेसे पाणी नव्हते, म्हणून पात्रे भरत गेली. पुढे सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी मान्सून जोमाने परतला आणि त्याच नद्यांनी आपलाच गाळ कापायला घेतला. पाऊस वाढला म्हणजे गाळ वाढतो, असे आपण सहज धरून चालतो. येथे मात्र नदीने कोरड्या काळात भर घातली आणि ओल्या काळात खोदकाम केले.

या थरांचे वय काढणे मात्र आमच्या भागात फार कष्टाचे आहे. गाळावर शेवटचे ऊन कधी पडले होते हे सांगणारी एक पद्धत आहे, पण तिला बहुधा गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण लागतात. खडक उघडा पडून किती काळ झाला हे बेरिलियमच्या समस्थानिकावरून काढायलाही क्वार्ट्‌झच सोयीचा, आणि आमच्या बसाल्टमध्ये तो जवळजवळ नाहीच. कोळशाचा तुकडा मिळाला तर कार्बनची पद्धत वापरता येते, पण तिची पोहोच सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतच. म्हणून जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर सापडला, तेव्हा त्याचे इतके महत्त्व वाटले. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकातली आहे, असे काही अभ्यासक मानतात; काहींच्या मते ती त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकातली आहे. त्याच परिसरात अश्मयुगीन हत्यारे मिळाल्यामुळे हा वाद केवळ खडकांचा न राहता माणसाच्या इतिहासाचा झाला. माझे मत एवढेच आहे की, राख आकाशातून पडल्यावर नदीने ती पुन्हा उचलून इकडेतिकडे टाकलेली असू शकते, त्यामुळे राखेचे वय म्हणजे थराचे वय असे मानण्याची घाई करू नये. थर राखेपेक्षा जुना असू शकत नाही, नंतरचा मात्र असू शकतो.

पुरांच्या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर मला नर्मदेकाठी मिळाले. नर्मदा अनेक ठिकाणी कातळाच्या घळीतून वाहते. महापुरात घळ भरली की पाणी उपनद्यांच्या मुखांत उलटे शिरते, तिथे ते संथ होते आणि त्यातली बारीक वाळू व पोयटा खाली बसतो. पूर ओसरतो, थर राहतो. पुढचा मोठा पूर त्यावर दुसरा थर घालतो. या थरांची उंची म्हणजे पाणी किमान कुठवर चढले होते त्याची खूण, आणि थरांत अडकलेल्या कोळशावरून त्याचा काळ कळतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्याच्या आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून नर्मदेवर हे काम केले आणि पूरमापन केंद्रांच्या काही दशकांच्या नोंदी शेकडो वर्षे मागे नेल्या. १९७० च्या सप्टेंबरमध्ये गरुडेश्वरला नर्मदेचा प्रवाह सेकंदाला सुमारे ६९,४०० घनमीटरपर्यंत गेला होता. असा पूर एकमेवाद्वितीय आहे की नदीला त्याची सवय आहे, हे केवळ असे थरच सांगू शकतात. मोठे पूर काळात सारख्या अंतराने येत नाहीत, काही शतकांत ते दाटीने येतात आणि काही शतके जवळपास रिकामी जातात, हेही त्यांतूनच समजले.

आता पुण्याबद्दल, कारण इथवर आले की समोरचा माणूस त्याच विषयावर येतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि त्यापाठोपाठ खडकवासला धरण फुटून जे झाले ते पुण्याच्या स्मरणात कायम आहे. पण पुराच्या शास्त्रीय हिशेबात तो नैसर्गिक पूर धरता येत नाही, तो धरणफुटीचा लोंढा होता. नियोजनासाठी नदीकाठी आखतात त्या दोन पूररेषा आहेत : सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. शंभर वर्षांतून एकदा, याचा अर्थ एकदा येऊन गेला की आता शंभर वर्षे निर्धास्त, असा लोक घेतात. खरा अर्थ असा की, त्या पुराची शक्यता प्रत्येक वर्षी एक टक्का असते. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेवरच्या घराला तो पूर गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, आणि निळ्या रेषेवरच्या घराला तिचा पूर गाठण्याची सुमारे ७० टक्के. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा नदी कुठे वाट चुकून आलेली नव्हती. जे पात्र उन्हाळ्यात मोकळे मैदान म्हणून दिसते तिथे भराव घालायचा, वाहनतळ करायचे, भिंत बांधायची, आणि पाणी आले की नदीने अतिक्रमण केले म्हणायचे, हे मला पटत नाही आणि मी ते प्रत्येक सभेत सांगते. वर सांगितलेले रुंदीचे गणित शहरातही चालते. पात्र अरुंद केले की तेवढ्याच पाण्याची पातळी चढते आणि तळावर व काठावर त्याचा मारा वाढतो. काठ सुशोभित करण्याच्या कोणत्याही योजनेकडे मी आधी छेद मागते : आजची रुंदी किती, उद्याची किती.

नोकरीबद्दल पालकांना थोडक्यात सांगते. विद्यार्थी भूजल सर्वेक्षणात गेले, पाटबंधाऱ्यात गेले, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात गेले, उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्या कंपन्यांत गेले. पगार मिळतो. उन्हात चालायची तयारी हवी, आणि आकडेमोडीची भीती नको.

आणि वाळूची गोष्ट. चासकमान, डिंभे, येडगाव, पवना, मुळशी, खडकवासला, भाटघर : भीमा खोऱ्याच्या वरच्या भागात धरण नाही अशी मोठी नदी शोधावी लागते. धरणात पाण्याबरोबर गाळही अडतो, त्यामुळे सांडव्यातून सुटणारे पाणी गाळाच्या ओझ्यातून मोकळे असते आणि आपली सगळी ताकद खालचा तळ उचलण्यात घालते. त्याच तळातून वाळू उपसली गेली की तिथे खड्डा पडतो. पुराचे पाणी खड्ड्याच्या वरच्या कडेवरून आत कोसळते, ती कड झिजते आणि पुरागणिक मागे, म्हणजे नदीच्या वरच्या दिशेला, सरकत जाते. वरच्या बाजूला असलेला पूल, बंधारा, गावाची पाणीपुरवठ्याची विहीर यांच्या पायथ्याचा तळ असा खचतो, आणि खड्डा मात्र दोन-तीन किलोमीटर खाली, भलत्याच गावाच्या हद्दीत असतो. घोड नदीवर माझ्या विद्यार्थिनी सध्या हेच मोजत आहेत. पुलाजवळचे छेद त्या वर्षातून दोनदा घेतात : एकदा मे महिन्यात, आणि एकदा पाणी उतरल्यावर ऑक्टोबरात, दोन्ही वेळा काठावरच्या त्याच खुणेपासून त्याच खुणेपर्यंत.